वेताळाची शेवटची गोष्ट

चांदोबातला विक्रम राजा स्मशानातून कधी घरी पोचलाच नाही. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक दशकं राजा झाडावरचं प्रेत उतरवून खांद्यावर टाकत राहिला. वाटेत वेताळ गोष्ट सांगायचा, प्रश्न विचारायचा, राजा तोंड उघडायचा आणि वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. चित्रकार शंकर यांनी काढलेला तो उपसलेल्या तलवारीचा राजा दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आजही उभा आहे. २०१३च्या सुमारास मासिक बंद पडलं, तेव्हाही तो वाटेतच होता.

त्या गोष्टीला शेवट नव्हता असं नाही. होता, आणि चांगलाच जबरदस्त होता. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त तो आहे. वेताळ शेवटचं कोडं घालतो: बापाने मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलाने त्या मुलीच्या आईशी, आता या दोन जोडप्यांना होणारी पोरं एकमेकांची कोण? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो आणि चालत राहतो. इतका वेळ शहाणपण दाखवून हरणारा राजा या वेळी काही न सुचल्यामुळे जिंकतो. वेताळ खूश होतो आणि खरी गोम सांगतो. ज्या साधूने तुला पाठवलंय तो तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणाला की म्हण, मी राजा, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू घालून दाखव. साधू आडवा होतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो. आधीच्या सगळ्या गोष्टी या एका रात्रीसाठी होत्या. मासिकाने नेमकी हीच रात्र वगळली. त्यात मासिकाचा दोष काढता येत नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघायचा असतो.

पण शेवट टाळायच्या त्या सवयीची किंमत मराठी मुलांनी मोजली, असं माझं म्हणणं आहे. तेरा ते सतरा या वयासाठी मराठीने नायक भरपूर दिले, शेवट दिले नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा पळणारा. मराठी पोरांना इतका जिवंत सवंगडी दुसऱ्या कुणी दिला नसेल. पण तो पुस्तकामागून पुस्तक जवळपास त्याच वयाचा राहतो. त्याला वाढवलं ते २०१७च्या सिनेमाने, अमेय वाघला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसवून. मोठ्या पोरांनी चोरून वाचलेलं साहित्यही तसंच. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कधी निवृत्त होत नाही आणि नारायण धारपांच्या समर्थांकडे पुढचं संकट येतच राहतं.

वाचणारं पोर मात्र वाढतं. आठवीत त्याला मिसरूड फुटते, नववीत आवाज फुटतो, आणि नायक अजून सुट्टीची वाट बघत बसलेला. मग पोर नायकाला सोडून देतं. आमच्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात ते सोडून कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे: पोलीसभरतीचं मैदान, नाहीतर पुण्याच्या पेठेतली अभ्यासिका आणि चालू घडामोडींचं मासिक. गोष्टीचं पुस्तक पुन्हा हातात येतच नाही. मोबाइलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडून बघावा. मोबाइल खेड्यात येण्याआधीही ही गळती होतीच.

'श्यामची आई'चं काय, असं कुणी विचारील, आणि ते बरोबरच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मरणाला भीत नाही. आई जाणार हे वाचकाला आधीपासून माहीत असतं, तरी शेवटची पानं कोरड्या डोळ्यांनी वाचलेला माणूस मला भेटायचाय. पण तिथे मरते ती आई आणि मागे राहतं ते मूल. मुलाने स्वतः काही ठरवावं, स्वतःच्या मरणाकडे बघून पाऊल पुढे टाकावं की मागे घ्यावं याचा निर्णय करावा, असं त्या पुस्तकाचं काम नाही. ते आठवणींचं पुस्तक आहे. किशोरवयाला आठवण पुरत नाही, त्याला निवड हवी असते.

गंमत अशी की छापील मासिकं येण्याआधी आमच्या गावांत हे सगळं होतं. 'नवनाथ भक्तिसार' ही जादूची मालिका नाही तर दुसरं काय आहे? मालू कवीचे चाळीस अध्याय, शके १७४१ म्हणजे १८१९ सालचे. शाबरी विद्या, वाताकर्षण अस्त्र, चिमूटभर भस्माने सैन्य थोपवणं, उकिरड्याच्या राखेतून निघालेला गोरक्ष, स्त्रीराज्यात अडकलेला गुरू आणि त्याला सोडवायला निघालेला चेला. श्रावणात देवळात नाहीतर वाड्याच्या ढाळजेत पोथी लागायची. एकजण ओव्या म्हणायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि समाप्तीच्या दिवशी प्रसाद. शेवटी नाथ समाधी घेतात. आणि त्या समाध्या ढगात कुठे नसून एस.टी.ने जाता येईल अशा ठिकाणी आहेत: कानिफनाथांची मढीला, मच्छिंद्रनाथांची मायंबाला. पोथी ऐकणाऱ्या पोराला शेवट आधीच पाठ असायचा. दरवर्षी तीच पोथी, तोच शेवट. तरी समाप्तीच्या रात्री गर्दी जास्त व्हायची.

हे आठवलं की मला २१ जुलै २००७चा गोंधळ फार मजेशीर वाटतो. जे. के. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटर मालिकेचं सातवं आणि शेवटचं पुस्तक त्या दिवशी जगभर विक्रीला आलं. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट, आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून ३१ मिनिटं. खोकी आधी फोडायची नाहीत, शेवट फोडायचा नाही. गुपिताला जणू पहारे बसवले होते. मुंबई-पुण्याची पोरं झोप मोडून रांगेत उभी राहिली. अमेरिका आणि ब्रिटन मिळून पहिल्या चोवीस तासांत १ कोटी १० लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, त्या पहाटे काहीही झालं नाही. इथे पुस्तक आलं ते उशिरा आणि आडवाटेने: पुण्याला शिकणाऱ्या भावाच्या बॅगेतून, फूटपाथवरच्या चोरट्या छपाईतून, पुढे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाच्या मराठी अनुवादांतून. मंजूषा आमडेकर, बाळ ऊर्ध्वरेषे अशा अनुवादकांनी या मालिकेवर केलेल्या कामाची मराठीत म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. तोवर शेवट काय होतो हे वर्तमानपत्रांनी छापून टाकलं होतं आणि २०१०-११मध्ये सिनेमाचे दोन भाग येऊन टीव्हीवर लागायलाही लागले होते. म्हणजे आमच्याकडच्या वाचकाने शेवटचं पुस्तक उघडलं ते शेवट माहीत करून घेऊनच.

म्हणून त्याचं काही बुडालं का? मला तसं वाटत नाही. गुपितावर उभं असलेलं पुस्तक गुपित फुटलं की पडतं, आणि हे पडलं नाही. शेवट ठाऊक असलेला वाचक 'पुढे काय' सोडून देतो आणि 'कसं' बघायला लागतो. पोथीच्या श्रोत्याची हीच तर बैठक. रांगेत उभ्या राहिलेल्या पोराने पुस्तक एका रात्रीत गिळलं. मागाहून मिळालेल्याने ते चावून खाल्लं. आमच्या वंचितपणाचं कौतुक करायचा माझा इरादा नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगाव वाचनालयं झाली हे खरं, पण 'ड' वर्गाच्या वाचनालयाच्या कपाटात मालिका बहुधा मोडकीच असते. दुसरा भाग असतो, पाचवा असतो. पहिला कुणी नेलेला परत आलेला नसतो आणि शेवटचा खरेदीच्या यादीत बसलेला नसतो. उशीर सोसता येतो, पण मधले भाग गहाळ असणं सोसवत नाही.

तरी माणसं वाट काढतात. उमरग्याकडची ओळखीतली एक मुलगी, नववीत असताना तिला हा शेवटचाच भाग आधी मिळाला. मागचे सहा तिने वाचलेले नव्हते, सिनेमा तुकड्या-तुकड्यांत पाहिला होता. डॉबी नावाचा घरगडी बुटका कोण, त्याचं आणि हॅरीचं नातं काय, हे तिला धड माहीत नव्हतं. तरी डॉबी मरतो ते प्रकरण तिने पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "त्याला मंतर येतोय की, मग खोऱ्यानं कामून खंदायलाय?"

या मालिकेवर ढीगभर लिहिलं गेलंय, पण इतका नेमका प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. हॅरीच्या हातात छडी आहे, एका मंत्राने खड्डा पडेल. तो मुद्दाम खोरं मागतो आणि घाम गाळत हाताने खणतो. फोड येतात, दुखतं, आणि दुखत असतानाच त्याचं डोकं ठिकाणावर येतं: पुढे काय करायचं, कुठल्या वस्तूच्या मागे धावायचं आणि कुठल्या नाही, हे त्या खड्ड्यात उभं राहून त्याला कळतं. मित्र येऊन हात लावतात. वर दगड ठेवून त्यावर तो नाव कोरतो. आमच्याकडे ज्या घरांत पुरायची रीत आहे तिथे आता गावाबाहेर जेसीबी दहा मिनिटांत खड्डा करून देतो, आणि तरी दोन-चार जाणती माणसं खोरं घेऊन त्यात उतरतात, कडा सारख्या करतात, खडे वेचून काढतात. त्या मुलीने हे पाहिलेलं असणार. म्हणून तर तिला प्रश्न पडला, आणि मला वाटतं उत्तरही तिला ठाऊक होतं.

या शेवटच्या पुस्तकात तीन भावांची एक लोककथा आहे. तिघे नदीवर पूल घालून मृत्यूला चुकवतात आणि मृत्यू त्यांना एकेक वस्तू देतो: अजिंक्य छडी, मेलेल्यांना परत बोलावणारा खडा, अदृश्य करणारा झगा. छडीवाला फुशारकीत मारला जातो. खड्याने परत आणलेली मुलगी इकडची राहत नाही की तिकडची, आणि तिच्या दुःखाने दुसरा भाऊ जीव देतो. तिसरा झग्याआड आयुष्य काढतो आणि म्हातारपणी मित्राला भेटावं तसा मृत्यूला भेटतो. ही गोष्ट आमच्या कुठल्याही आजीने सांगितली असती. रोलिंगबाईंची आई १९९० साली गेली. त्या या मालिकेवर काम करू लागल्या होत्या तेव्हाच. मेलेलं माणूस परत आणायचा खडा त्यांनी लिहिला आणि तो वापरू नये हेही त्यांनीच लिहिलं, यात कल्पनेच्या खेळापेक्षा जास्त काही आहे.

कारण हॅरी तो खडा वापरतो आणि मग रानात टाकून देतो. मरायला निघालेला असताना आई-बाप सोबतीला येतात, तो त्यांच्याबरोबर चालतो आणि ऐन वेळी खडा बोटांतून सोडतो. इथे मला आपला गोरक्ष आठवतो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यातून सोन्याची वीट झोळीत घालून निघाले आणि गोरक्षाने ती रानात फेकून दिली. गुरू हळहळला, तेव्हा चेल्याने अख्खा डोंगरच सोन्याचा करून दाखवला. कथा थोर आहे, पण किशोरवयाच्या कसोटीवर इथे पॉटर वरचढ ठरतो. विटेच्या बदल्यात डोंगर मिळणार असेल तर टाकण्यात काय गेलं? खडा टाकल्यावर हॅरीला काही मिळत नाही, त्याचे आई-बाप विरून जातात.

छडीचंही तसंच. सिनेमात हॅरी ती अजिंक्य छडी कडकन मोडतो आणि दरीत भिरकावतो. पुस्तकात तसं नाही. पुस्तकात तो तिच्याकडून एकच काम करून घेतो, स्वतःची मोडलेली जुनी छडी दुरुस्त करून घेतो, आणि मोठी छडी जिथून आली होती त्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. जगातलं सर्वांत जबर शस्त्र हाती असताना आपलं जुनं दुरुस्त होऊन मिळालं एवढ्यावर समाधान. सिनेमावाल्यांना ते फार साधं वाटलं असावं. मला तो या सगळ्या मालिकेचा कळस वाटतो.

तुळजापूरच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला हा प्रसंग आणखी एका बाजूने भिडतो. देवीने शिवरायांना भवानी तलवार दिली, ही आख्यायिका आम्ही वाचण्याआधी पाहतो: मंदिराच्या परिसरात, कॅलेंडरवर, रिक्षाच्या मागे. लायक माणसाला दैवी शस्त्र मिळणं आमच्या ओळखीचं आहे. पण त्या तलवारीचं पुढे काय झालं, हे कुठलीच आख्यायिका सांगत नाही. मग आपण ती शोधतच राहतो. १९८०च्या सुमारास मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी ती लंडनहून आणायचा विडा उचलला. लंडनची ती, साताऱ्याची ती, असे वाद आजही रंगतात. शस्त्र मिळाल्याची गोष्ट आपण सांगतो, ठेवून दिल्याची कुणी सांगितलेलीच नाही. आणि ठेवून दिल्याशिवाय मालिका संपत नाही.

शेवट म्हणजे सगळं चांगलंच, असं मात्र कुणी समजू नये. सी. एस. लुइस यांच्या नार्निया मालिकेचं शेवटचं पुस्तक १९५६ साली आलं. त्यात मुलांना रेल्वे अपघातात मारून वर हेच खरं सुख असं सांगितलंय, आणि त्यांच्यातल्याच सुझानला, ती नटण्यामुरडण्यात रमली म्हणून, बाहेर ठेवलंय. तो शेवट मला चीड आणतो. पॉटरच्या शेवटी जोडलेलं 'एकोणीस वर्षांनंतर'चं प्रकरणही फसलंय. सगळ्यांची लग्नं लावून, पोरांना बारशाची नावं देऊन लेखिका हात झटकते. रानातून परत आलेल्या मुलाला इतकं गुळगुळीत आयुष्य लाभेल, हे मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे शेवट झाल्यावरही बाजाराने तो मानला नाही. २०१६ साली नाटकाची संहिता पुस्तकरूपात आली, त्याच वर्षापासून आधीच्या काळातल्या जादूगारांचे सिनेमे आले, आणि पुढे पुन्हा पहिल्यापासून टीव्ही मालिकाही करायला घेतली. ज्या बाईंनी मालिका संपवायचं धाडस केलं, त्यांचाच नायक पुन्हा प्रेत खांद्यावर घेऊन निघालाय.

पण पुस्तक संपलंय, आणि ते कपाटात संपलेलंच राहील. आपल्याकडे अशा शेवटाला विरोध होतो तो वेगळ्या कारणाने. मुलांना मरणाबद्दल कशाला सांगायचं, कोवळी मनं असतात, असं पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, पुरस्काराच्या समितीवर बसलेलेही म्हणतात. हे पुण्या-मुंबईत कुणी म्हटलं तर मी एकवेळ ऐकून घेईन, आमच्याकडे नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून लोक झोपले असताना, भूकंपात सास्तूरपासून किल्लारीपर्यंत दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. त्यांना आसरा मिळाला, शाळा मिळाली. त्यांच्या वयाशी मरणाबद्दल सरळ बोलेल अशी गोष्ट मात्र मराठीच्या कपाटात त्यांच्यासाठी नव्हती. पुढे कर्जापायी बाप गमावलेली पोरं याच जिल्ह्यातल्या वर्गांत बसली आणि बसताहेत. कोवळी मनं म्हणून त्यांच्यापासून आपण नक्की काय लपवतोय?

जानेवारी २०२०मध्ये ९३वं मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, नगरीला गोरोबाकाकांचं नाव होतं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनात मुलांसाठीची पुस्तकं चाळताना मला दोनच ढीग दिसले: प्राण्यांची चित्रं आणि थोरांची चरित्रं. मधल्या वयासाठी जे थोडंफार होतं ते अनुवादित होतं. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय आणि चांगलं निघतंय, पण मासिकाकडून शेवटच्या पुस्तकाची अपेक्षा धरणं चुकीचं. ते काम पुस्तकांच्या प्रकाशकाचंच.

प्रकाशक म्हणतो, पहिला भाग चालला तर दुसरा काढू. हजार प्रतींच्या आवृत्तीच्या धंद्यात त्याचंही खोटं नाही. पण अशाने मालिका कधीच संपत नाही, फक्त बंद पडते. रोलिंगबाईंनी शेवटचं प्रकरण मालिकेच्या बऱ्याच सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. तीन भागांचीच का होईना, कुणी मराठी लेखकाने, तेरच्या उत्खननावर रचावी की परंड्याच्या किल्ल्यावर हे त्याचं त्याने ठरवावं, अशी मालिका पूर्ण लिहून मगच प्रकाशकाच्या दारात जावं. प्रकाशकाने शेवटचा भाग हातात पडल्याशिवाय पहिला छापू नये. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं अनुदान नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मिळतं. तसंच एक किशोरांच्या पूर्ण झालेल्या मालिकेला असायला हरकत नाही. आणि वाचनालयांच्या खरेदीत एक साधी अट घालता येईल: मालिका घ्यायची तर सगळे भाग घ्यायचे, नाहीतर त्या पैशात दुसरं काही घ्यायचं.